साबुदाण्याचं आंबट पाणी आणि झाकण नसलेली तळी

हे या भागाचं लेखी रूप. बोलताना आकडे भराभर निघून जातात, म्हणून इथे ते जरा सावकाश मांडलेत. ऐकून झालं असेल तरी मधली आकडेमोड एकदा वाचाच, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

विषय आहे साबुदाण्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी आणि त्यातून निघणारा गॅस. साबुदाणा म्हणजे टॅपिओका, म्हणजेच कसावा नावाच्या कंदातला स्टार्च. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज त्याला घेऊन आले आणि तो केरळात रुजला. (उपवासाच्या खिचडीतला शेंगदाणा, मिरची आणि बटाटाही अमेरिकेचेच. आपला उपवास किती 'सनातन' आहे तो वाद आज नको.) त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिलं. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने पुढे एका वाणाला 'श्री विशाखम' असं नाव दिलं, ते त्यांच्याच आठवणीत.

आपण ज्याला साबुदाणा म्हणतो तो मुळात टॅपिओकाचा नव्हताच. 'सागू' हा मलय भाषेतला शब्द, आणि सागू म्हणजे एका ताडाच्या खोडातला गर. तो मलायाकडून बोटीने यायचा. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पेनांग घेतलं, मार्च १९४२ मध्ये रंगून. एका झटक्यात दोन गोष्टी बंद झाल्या, मलायाचा सागू आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ. तांदूळ थांबल्यावर त्रावणकोरमध्ये लोक टॅपिओका खाऊन जगले. सागू थांबल्यावर १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलमला त्याच कंदापासून 'सागू'सारखे दाणे करायला सुरुवात झाली. सेलमचे माणिकम चेट्टियार आणि पेनांगहून आलेले, हे तंत्र माहीत असलेले पोपटलाल शहा, अशी दोन नावं या उद्योगाच्या इतिहासात नेहमी येतात. म्हणजे तमिळ व्यापारी, गुजराती जाणकार, अमेरिकन कंद, मलय नाव आणि गिऱ्हाईक मराठी! तमिळमध्ये याला जव्वरिसी म्हणतात. १९८१ मध्ये सेलमच्या कारखानदारांची सहकारी संस्था झाली, सॅगोसर्व्ह. देशातला बहुतेक साबुदाणा आजही याच पट्ट्यातून येतो.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. त्या पाण्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

१ टन स्टार्च काढायला साधारण ४ ते ५ टन कंद लागतात. कंद सोलायचा, धुवायचा, किसायचा, भरपूर पाण्याने खळबळून चाळायचा. चोथा वर राहतो आणि पांढरं दूध खाली जातं. ते दूध हौदात निवू दिलं की स्टार्च तळाशी बसतो. वरचं पाणी सोडून देतात. कारखान्यागणिक फरक पडतो, पण टनामागे १० ते २० घनमीटर पाणी, म्हणजे १० ते २० हजार लिटर, असा हिशेब धरता येतो. या पाण्यात सुटलेला स्टार्च असतो, साखर असते आणि थोडं सायनाइडही असतं. कसाव्यात लिनामारिन नावाचं द्रव्य असतं. कंद किसला की पेशी फुटतात, विकर त्याच्यावर काम करतं आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या लोकांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. ते कीस वेताच्या लांब पिशवीत घालून पिळायचे आणि निघालेला विषारी रस बराच वेळ उकळून मगच खायचे. कारखान्यात उकळणार कोण? पाणी ओढ्यात जायचं.

स्टार्चचं पाणी काही तासांत आंबतं. दुसऱ्या दिवशी वास सुटतो आणि आठवड्याभरात त्याच्यावर बुडबुडे दिसायला लागतात. ते बुडबुडे मिथेनचे. म्हणजे या उद्योगाच्या पहिल्या दिवसापासून गॅस तयार होतच होता, कोणी काही न करता. प्रश्न एवढाच, की तो पकडायला इतकी वर्षं का लागली?

माहिती नव्हती म्हणून? अजिबात नाही. दलदलीतून निघणारी हवा पेटते हे अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी दाखवून दिलं होतं. १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्सेटरला मैल्याच्या टाकीतला गॅस दिव्यांना वापरला गेला. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात सांडपाण्याच्या टाकीवर गॅस गोळा करायची सोय झाली. पुढे त्या गॅसवर इंजिनही चालवलं गेलं.

इथे जरा थांबतो. इंटरनेटवर, आणि चांगल्या चांगल्या पुस्तकांतही, 'जगातला पहिला बायोगॅस प्रकल्प १८५९ मध्ये मुंबईतल्या कुष्ठरोगी वसाहतीत झाला' असं वाक्य सापडतं. एकाने लिहिलं, पुढच्याने कॉपी-पेस्ट केलं. पण माटुंग्याचा तो आश्रम सुरू झाला १८९० मध्ये. मुंबईचे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ यांनी तो उभा केला. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ रुग्णालय ते हेच. इमारतच १८९० ची, तर गॅस १८५९ चा कसा? १८९७ हे साल पटण्यासारखं आहे, १८५९ नाही. आणि हो, मराठीच्या विद्यार्थ्यांना हे अ‍ॅक्वर्थ वेगळ्याच कारणाने माहीत असतील. शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या सोबत ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह करून १८९१ मध्ये छापणारे साहेब तेच.

तर गॅस माहीत होता. गोबरगॅसही माहीत होता. १९५० च्या दशकात जशभाई पटेलांनी तरंगत्या टाकीचं डिझाइन केलं आणि १९६० च्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेलं. गावाकडे ज्यांचं घर आहे त्यांनी लोखंडी टाकी वर-खाली होणारा तो प्लँट पाहिला असेल, बहुधा बंद पडलेला. मग तेच तंत्र उचलून साबुदाण्याच्या पाण्याला का लावलं नाही?

कारण शेण आणि स्टार्च यांचा स्वभाव वेगळा. मिथेन बनतो तो दोन टप्प्यांत. आधी काही जीवाणू अन्न फोडून त्याची आम्लं करतात, मग दुसरे जीवाणू त्या आम्लांपासून मिथेन करतात. पहिले झपाट्याने वाढतात. दुसऱ्यांची संख्या दुप्पट व्हायला काही दिवस लागतात. शेणात अन्न हळूहळू सुटतं, त्यातच मिथेनवाले जीवाणू आयते असतात आणि आम्ल सोसायची ताकदही असते. स्टार्चच्या पाण्यात यातलं काहीच नाही. आम्लवाले तुटून पडतात, पाणी आंबट होतं आणि मिथेनवाले बेशुद्ध. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर प्रोड्यूसर फास्ट, कन्झ्यूमर स्लो, मधली रांग भरून सिस्टिम झोपली. त्यात सायनाइड. हळूहळू सवय लावली तर हे जीवाणू सायनाइडही पचवतात, पण पहिल्या दिवशी नाही. मोठ्या तळ्यात हे सगळं आपोआप सावरतं, कारण तिथे पाणी महिनोन् महिने पडून असतं. गोबरगॅसच्या टाकीएवढ्या जागेत रोजचं लाखो लिटर पाणी घालायचं म्हटलं तर ते तंत्र कामाचं नाही.

हा अडसर सुटला नेदरलँड्समध्ये, १९७० च्या दशकात, आणि तोही बीटाच्या साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर. वाखेनिंगेन विद्यापीठातले खात्झे लेटिंगा आणि त्यांचे सहकारी टाकीत खालून पाणी सोडत होते आणि वरून काढत होते. काही काळाने त्यांच्या लक्षात आलं, की जीवाणू एकमेकांना चिकटून बारीक दाणे तयार करतात, मोहरीएवढे म्हणा. दाणा जड, म्हणून तो पाण्याबरोबर वाहून जात नाही. पाणी काही तासांत बाहेर पडतं, जीवाणू मात्र महिनोन् महिने आतच राहतात. साबुदाण्याच्या गोष्टीत इथेही दाणेच! या पद्धतीला यूएएसबी म्हणतात. आणखी एक गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवतो. बीटाचा हंगाम काही महिन्यांचाच असतो, आणि हे दाणे बाकीचे महिने उपाशी राहूनही पुढच्या हंगामात जागे होतात. १९८९ मध्ये हे तंत्र इंडो-डच प्रकल्पातून कानपूरच्या जाजमऊला आलंही होतं, शहराच्या मैल्यासाठी.

म्हणजे १९९० च्या सुमारास तंत्रही हाताशी होतं. तरीही टॅपिओकाच्या तळ्यांवरून गॅस आकाशात जातच होता. पुढची गोष्ट थायलंडची आहे. या उद्योगात सांडपाण्यातला गॅस मोठ्या प्रमाणावर पकडला गेला तो तिथे. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

थायलंडमध्ये टॅपिओका लोक फारसा खात नाहीत, तिथे तो विकायचं पीक. युरोपियन समुदायाने आपल्या शेतकऱ्यांसाठी धान्याचे भाव चढे ठेवले होते आणि बाहेरच्या धान्यावर जबर कर होता. पण कसाव्यावर फक्त ६ टक्के. डच आणि जर्मन पशुखाद्यवाल्यांनी हिशेब केला, महाग मक्या-गव्हाऐवजी स्वस्त कसावा आणि सोयापेंड घालायची, डुकरांना काय फरक पडतो! बघता बघता थायलंडच्या ईशान्येकडच्या, इसान नावाच्या कोरडवाहू भागात जंगलं तोडून कसावा लागला. कंदाचे तुकडे वाळवायचे, गोळ्या दाबायच्या आणि रॉटरडॅमला बोट सोडायची. १९८२ मध्ये युरोपने आवरतं घ्यायला लावलं आणि वर्षाला ५० लाख टनांच्या आसपास मर्यादा आली. १९९२ मध्ये युरोपने धान्याचे भावच खाली आणले. मग डुकरांना पुन्हा गहू परवडायला लागला.

आता एवढ्या कसाव्याचं करायचं काय? स्टार्च. गोळ्यांच्या धंद्यात पाणी लागत नाही, उन्हात वाळवलं की झालं. स्टार्चच्या धंद्यात पाणीच पाणी. म्हणजे ब्रसेल्समध्ये एक धोरण बदललं आणि त्याच्या परिणामांतला एक म्हणजे इसानच्या खेड्यांशेजारी तयार झालेली आंबट पाण्याची तळी. दिवसाला दोन-दोनशे टन स्टार्च काढणारे कारखाने, आणि प्रत्येकामागे एकापाठोपाठ एक अशी उघडी तळी. पाणी एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, शेवटी जरा बरं होऊन बाहेर. वास गावाला, मिथेन आकाशाला.

या मोठ्या कारखान्यांत स्टार्च उन्हात वाळवत नाहीत. ओला स्टार्च गरम हवेच्या झोतात उडवतात, काही सेकंदांत तो कोरडा होतो. त्या हवेसाठी फर्नेस ऑइल जाळतात, १ टन स्टार्चमागे साधारण ४० लिटर.

आता ती आकडेमोड. सांडपाण्यात किती 'अन्न' आहे हे सीओडी नावाच्या मापाने मोजतात. टॅपिओकाच्या पाण्यात घनमीटरला १० ते २० किलो असतं, आपण १५ धरू. १ टन स्टार्चमागे १५ घनमीटर पाणी, म्हणजे २२५ किलो सीओडी. त्यातलं ८० टक्के जीवाणूंनी फस्त केलं, तर १८० किलो. रसायनशास्त्राच्या नियमाने १ किलो सीओडीमागे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. म्हणजे ६३ घनमीटर. उष्णतेच्या हिशेबाने हे झालं सुमारे ५९ लिटर फर्नेस ऑइल.

लागतं ४०, मागच्या तळ्यातून उडून जातं ५९. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा दशांश चिन्ह चुकलं की काय म्हणून पुन्हा करून पाहिला. तेवढेच आले. ज्या पाण्यासाठी गाव शिव्या देत होतं त्यातच कारखान्याची अख्खी भट्टी होती, वर वीज करायला उरेल एवढी.

२००३ मध्ये नाखोन राचासीमा, म्हणजे कोरात इथे एका मोठ्या स्टार्च कारखान्याशेजारी याचा प्रकल्प सुरू झाला. 'कोरात वेस्ट टू एनर्जी' हे त्याचं नाव. डिझाइन न्यूझीलंडकडून आलं होतं आणि ते यूएएसबीइतकं नाजूक नव्हतं. मोठं खोल तळं खणायचं, तळाला प्लॅस्टिकचं जाड अस्तर, वर तसंच जाड झाकण. गॅस साठला की झाकण फुगतं. बस. पण मला यातली तंत्राएवढीच व्यवहाराची बाजू महत्त्वाची वाटते. स्टार्चवाल्याचं काम स्टार्च करणं, जीवाणू सांभाळणं नव्हे. म्हणून प्रकल्प बांधला आणि चालवला वेगळ्या कंपनीने. कारखान्याने पाणी द्यायचं, बदल्यात तेलाऐवजी गॅस घ्यायचा, आणि ठरलेल्या मुदतीनंतर प्रकल्प कारखान्याच्या ताब्यात. उरलेल्या गॅसवर इंजिनं लावून वीज.

ती वीज विकायची सोय आधीच्या वर्षी झाली होती. २००२ मध्ये थायलंडने अगदी लहान वीज उत्पादकांसाठी नियम केला, १ मेगावॉटपर्यंत ग्रिडला सरळ विकता येईल. २००६ मध्ये ती मर्यादा १० मेगावॉट केली. त्यातच खनिज तेल भडकलं. २००३ मध्ये पिंपाला ३० डॉलरच्या आसपास होतं, ते जुलै २००८ मध्ये १४७ वर गेलं. मग कोणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. एका कारखान्याची भट्टी फुकट चालते म्हटल्यावर शेजारचा काय करणार? काही वर्षांत थायलंडच्या स्टार्च कारखान्यांत गॅस पकडणं ही नेहमीची गोष्ट झाली.

कार्बन क्रेडिटचं काय, असं मागच्या भागानंतर दोघांनी विचारलं होतं. तोही पैसा आला. क्योटो करार फेब्रुवारी २००५ मध्ये लागू झाला आणि कोरातचा प्रकल्प त्याखाली २००७ मध्ये नोंदला गेला. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा, त्या वेळच्या हिशेबात, २१ पट घातक धरला जायचा, त्यामुळे नुसतं झाकण घातलं तरी आकडा मोठा दिसायचा, वर्षाला सुमारे ३ लाख टन. पण साल पाहा, प्रकल्प सुरू २००३ मध्ये, नोंद २००७ मध्ये. या क्रेडिटची अट अशी असते, की हा पैसा नसता तर प्रकल्प झालाच नसता. एखाद्या पहिल्यावहिल्या प्रकल्पाला, जिथे बँकही कर्ज द्यायला घाबरते, ते लागू पडत असेल. पण तेल १०० डॉलरच्या वर गेल्यावर तळ्यावर झाकण घालणाऱ्याबद्दल तसं म्हणणं मला जड जातं. २०१२ च्या सुमारास क्रेडिटचे भाव कोसळले. झाकणं मात्र तशीच राहिली, कारण खाली भट्टी होती.

आता पुन्हा सेलमला येऊ. पाणी तसंच, कंद तोच, वास तोच. तिरुमणिमुत्तार नदीत शहराचा मैला आणि रंगाईच्या पाण्याबरोबर साबुदाण्याचं पाणीही गेलं, आणि आजूबाजूच्या विहिरींची तक्रार जुनी आहे. मग थायलंडसारखं इथे का झालं नाही?

सोपं उत्तर असं देतात, की कारखाने छोटे, मालकाकडे पैसा नाही, प्रदूषण मंडळ ढिलं. यात थोडं तथ्य आहे. पण माझ्या मते मुख्य कारण वेगळं आहे, आणि ते सिमेंटच्या अंगणात पसरलेलं दिसतं. सेलमचा साबुदाणा उन्हात वाळतो. ओला स्टार्च फडक्यात हिंदकळवून दाणे करतात, गरम तव्यावर भाजतात आणि अंगणात पसरतात. वाळवायचं काम सूर्य करतो, तेही फुकट. म्हणजे थायलंडमध्ये ज्या तेलाच्या बिलाने झाकणाचे पैसे फेडले ते बिलच इथे नाही. भाजायला जळण लागतं, पंपाला आणि किसणीला वीज लागते, पण टनाला ४० लिटर तेल वाचतंय असा मोठा आकडा मालकाला दाखवता येत नाही. जो कारखाना आधीच साधा आणि काटकसरी, त्याला गॅस पकडण्यात फायदा कमी. हे जरा उलटं वाटतं, पण तसंच आहे. तमिळनाडू आणि आंध्रात ज्या मोठ्या स्टार्च कारखान्यांत यंत्राने वाळवणी होते, तिथे बायोगॅस आला. पुन्हा तीच गोष्ट, भट्टी आहे तिथे गॅस आहे.

दुसरं कारण हंगामाचं. कंद येतात ते महिने जोरात, मग थंड. पण हे कारण मला तितकं पटत नाही, कारण बीटाच्या दाण्यांची गोष्ट आपण आत्ताच पाहिली.

चोथ्याबद्दल लोक नेहमी विचारतात, त्यातही बराच स्टार्च राहतो ना? राहतो, वाळलेल्या चोथ्यात निम्म्याच्या वर. त्यातूनही गॅस होतो. पण तो जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात विकला जातो, आणि ज्याला गिऱ्हाईक आहे त्याला कचरा म्हणत नाहीत.

गंमत म्हणजे कोरातचं झाकण फुगत होतं त्याच सुमारास, २००३ मध्ये, पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेतही स्टार्चमधून गॅस करण्याचं काम चाललं होतं, घरगुती प्रमाणात. त्यांचं म्हणणं असं, की शेण हे आधीच गाईने खाऊन झालेलं अन्न, त्यातला जीव गेलेला. जीवाणूंना खरकटं, पीठ, खराब धान्य द्या. २ किलो पिष्टमय पदार्थातून अर्धा किलो मिथेन, आणि तोही एका दिवसात, असा त्यांचा दावा होता. कागदावर तपासून पाहिलं. १ किलो शुद्ध स्टार्चमधून जास्तीत जास्त २९६ ग्रॅम मिथेन निघू शकतो, म्हणजे २ किलोतून ५९२. अर्धा किलो म्हणजे त्याच्या ८४ टक्के. जमलं तर उत्तमच, पण अशक्य नाही. २००६ मध्ये त्या छोट्या प्लँटला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. आम्लाची अडचण तिथेही होतीच. म्हणून सुरुवात शेणाने करायची, जीवाणूंची वस्ती जमली की मग पीठ, आणि तेही रोज थोडंथोडं. ज्यांनी उत्साहात पहिल्याच दिवशी बादलीभर भात ओतला त्यांचे प्लँट आंबले.

मग सेलमच्या छोट्या कारखान्यांचं पाणी एकत्र नेऊन एकच मोठा प्रकल्प का करत नाहीत? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय, आणि साखर कारखान्यांच्या सहकारात वाढलेल्या माणसाला तो सुचणारच. हिशेब करू. वरच्याच आकड्यांनी १ घनमीटर पाण्यातून ४.२ घनमीटर मिथेन मिळतो. म्हणजे १० हजार लिटरचा एक टँकर भरून नेला तर त्यात सुमारे ३९ लिटर तेलाएवढी उष्णता आहे. भरायचा, न्यायचा, रिकामा परत आणायचा, ड्रायव्हरचा पगार वेगळा. डिझेलही जाणारच. ऊस ट्रॉलीत घालून २० किलोमीटर नेता येतो, कारण त्यात साखर आहे. या पाण्यात पाणीच आहे. त्यामुळे हा गॅस पाणी जिथे पडतं तिथेच करावा लागतो, आणि हाकेच्या अंतरावर जाळावा लागतो. सेलमच्या कारखान्यात तशा दोनच जागा आहेत, साबुदाणा भाजायचा तवा आणि किसणी फिरवणारं इंजिन. तिथे गॅस लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. झाकण छोटं, बचतही छोटी, त्यामुळे सरकारी अनुदानाशिवाय गणित क्वचितच बसतं.

सेलमच्या साबुदाण्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुढचा भाग सागूच्या ताडावर करतोय, खोडातून गर कसा काढतात त्याच्यावर. भेटू.